खरेदीखतापूर्वीं ताबा

भोर-वेल्ह्याकडे भातखाचराचा सौदा उन्हाळ्यांत ठरतो, खरेदीखत लांबतें, आणि घेणारा म्हणतो, "पाऊस तोंडावर आला, रोप टाकूं द्या." आमच्या मतें पाहणीस व मोजणीस त्यास खुशाल येऊं द्यावें, नांगर घालूं देऊं नये. साठेखतानें मालकी बदलत नाहीं हें खरें. परंतु त्यांत ताबा लिहून दिला, तें नोंदविलें व घेणारा करार पाळण्यास तयार राहिला, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५३-अ त्याचा ताबा राखतें. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या बिननोंदणी साठेखतास हें संरक्षण नाहीं. तरी शेतांत शिरलेला माणूस उठविण्यास कोर्टच गांठावें लागतें. (ताब्याच्या साठेखतास मुद्रांकहि खरेदीखताप्रमाणेंच पडतो.) भीड मोडवत नसेल, तर पेरणी मालकानेंच करावी, खर्च व पीक कोणाचें, हें साठेखतांत लिहावें.