पाटल्यांची नोंद

सांगोल्याची आमची आजी १९१८ साली जन्मली आणि २०१२ साली गेली. शाळा दुसरीपर्यंत, पण घरचा हिशेब अखेरपर्यंत तिच्याच वहीत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले, तरी पंचवीस पैसे तिच्या लेखी 'चार आणे'च राहिले. जून २०११ अखेर ते नाणेही बंद झाले. "माझ्या बरोबरचं सगळं चाललंय रे," ती म्हणाली.

बँकेत उभा जन्म खाती तपासण्यात गेलेला मी; तिच्यामागे तिच्या वह्या चाळल्या. वाणसामान, दळण, मजुरी, सारे पै-पैने जुळत होते. जुळेना ते फक्त १९७२चे, दुष्काळाचे पान. रेशनच्या मिलोवर दिवस काढायचे आणि खाणारी तोंडे चौदा. धान्याचा खर्च लिहिलेला, पैसा आला कुठून ते नाही.

आत्या म्हणाली, "आईनं पाटल्या मोडल्या. विचारलं तर म्हणायची, हाताला ओझं होत होतं."

दिलेले तिने कुणाच्या नावे टाकले नाही. म्हणून आम्हां चौदाजणांना तिचे देणे कधी जाणवलेच नाही. आपल्याही घरी अशी एखादी वही असेल. रद्दीत घालण्याआधी जरूर उघडून पाहा.