१०८च्या मागच्या दारातला डॉक्टर

रुग्णवाहिका म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो भोंगा, लुकलुकणारा दिवा आणि सुसाट निघालेला चालक. मागच्या बाजूला एका हाताने दांडी धरून रुग्णावर वाकलेला माणूस सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या १०८ सेवेत तो डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस झालेला.

ही सेवा २०१४च्या जानेवारीत सुरू झाली. ताफा ठरला ९३७ गाड्यांचा. त्यातल्या २३३ गाड्या व्हेंटिलेटर-डिफिब्रिलेटरसह ‘अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’च्या, उरलेल्या ७०४ ‘बेसिक’. फोन पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात वाजतो आणि जवळची गाडी निघते. इतर बऱ्याच राज्यांत गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो; इथे डॉक्टर आणि चालक अशी जोडी. चालकाला सगळे ‘पायलट’ म्हणतात.

डॉक्टरची पहिली परीक्षा औषधांची नसते. थांबायचं की निघायचं, हे त्याला आधी ठरवावं लागतं. अपघातात पोटात रक्तस्राव होत असेल, तर रस्त्यावर सलाइनसाठी शीर शोधत बसण्यात अर्थ नाही; मान पट्ट्याने स्थिर करायची, स्पाइन बोर्डवर घ्यायचं आणि सर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं. हृदय बंद पडलं असेल, तर हिशेब नेमका उलटा. छातीवरचा दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यायचा असतो. हेलकावणाऱ्या गाडीत ते नीट जमत नाही, म्हणून जागेवरच सुरुवात करावी लागते. दाबताना कधी बरगडी मोडल्याचा आवाज येतो, तरी थांबायचं नाही. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा, कारण दाब उथळ होत चालल्याचं दमलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही. भोवती जमलेले नातेवाईक मात्र ओरडत असतात, “अहो, गाडी काढा आधी!” त्यांना दोन वाक्यांत गप्प करणं कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

धावत्या गाडीतली तपासणीही वेगळी. इंजिन आणि भोंग्याच्या आवाजात स्टेथोस्कोपने रक्तदाब ऐकू येत नाही. मग दंडावरचा पट्टा फुगवून मनगटावर बोट ठेवायचं. हवा सोडताना नाडी जिथे परत लागते, तो आकडा वरचा दाब. खालचा आकडा मिळत नाही, पण तेवढ्यावर निर्णय घेता येतो.

ग्रामीण भागात सर्पदंशाचे फोन येतात: नाग, मण्यार, घोणस, कोकणात फुरसं. गाडी पोहोचेपर्यंत घरच्यांनी सुतळीने पाय करकचून आवळलेला असतो. ती गाठ आवळायलाच नको होती, पण म्हणून ती तिथेच झटक्यात कापणंही धोक्याचं, कारण अडलेलं विष एकदम शरीरभर पसरू शकतं. पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही. मण्यारच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले, तर प्रतिसर्पविष मिळेपर्यंत मास्कला जोडलेली पिशवी हाताने दाबत श्वास देत राहायचं. हात भरून येतात, पण दुसरा इलाज नसतो.

काही बाळंतपणं तर गाडीतच होतात. पायलट गाडी कडेला घेतो. बाळ कोरडं करून आईच्या छातीवर ठेवायचं, नाळेला चिमटे लावायचे आणि आईच्या रक्तस्रावावर नजर ठेवायची. खरी धास्ती या शेवटच्या गोष्टीचीच असते.

एवढं येणाऱ्या डॉक्टरला आपण सिग्नलवर अडकवून ठेवतो, हे लाजिरवाणं आहे. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं आहे. जखमीला निःस्वार्थपणे मदत करणाऱ्याला त्याच कायद्याने संरक्षणही दिलं आहे.

म्हणून १०८ लावाल, तेव्हा गाव, फाटा, जवळचं देऊळ किंवा किलोमीटरचा दगड आधी सांगा, रुग्णाचा श्वास चालू आहे की नाही ते सांगा, आणि फोन मोकळा ठेवा. वाट विचारायला पायलट त्याच नंबरवर फोन करतो.