छडी, जहन्नम आणि पाठांतर

शहापूर-मुरबाडकडच्या मुसलमान घरांत पोराच्या हिफ्जचा, म्हणजे कुरआन पाठ करण्याचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: उस्तादांची छडी जिथे लागते, तिथे जहन्नमची आग लागत नाही. दादी सांगते, मामू सांगतात, आणि ज्याच्या तळहातावर वळ उठलेत ते सात वर्षांचं पोर मान खाली घालून ऐकतं. हे वाक्य कुरआनात नाही. बुखारी, मुस्लिम, तिर्मिजी, अबू दाऊद, नसाई, इब्न माजा या हदीसच्या सहा प्रमुख संग्रहांतही नाही. तरीही ते इतक्या खात्रीने सांगितलं जातं की चीड येते. या एका वाक्यामुळे मारणाऱ्याला सवाब मिळाल्यासारखं वाटतं, आणि मार खाणाऱ्याला तक्रारीला जागाच उरत नाही.

हदीसमध्ये काय आहे ते पाहा. सहीह मुस्लिममध्ये मुआविया इब्न हकम यांचा प्रसंग आहे. ते नवे मुसलमान. जमातीत नमाज चालू असताना कोणी तरी शिंकलं आणि हे मोठ्याने बोलले. आजूबाजूच्यांनी डोळे वटारले. नमाज झाल्यावर पैगंबर त्यांच्यावर ओरडले नाहीत, हात उगारला नाही, टाकून बोलले नाहीत. नमाजमध्ये असं बोलायचं नसतं, एवढंच समजावलं. याहून चांगला शिक्षक आपण पाहिला नाही, असं मुआविया स्वतः सांगतात. हजरत अनस लहानपणापासून दहा वर्षं पैगंबरांच्या खिदमतीत होते. त्या काळात आपल्याला एकदाही ‘उफ’ म्हटलं गेलं नाही, ही त्यांची साक्ष बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

यावर लगेच अबू दाऊदमधली, दहा वर्षांच्या मुलाने नमाज सोडली तर मारायला सांगणारी हदीस पुढे केली जाते. ती नमाजबद्दल आहे, सबकबद्दल (धड्याबद्दल) नाही. त्यातही सातव्या वर्षी सांगायला सुरुवात आणि मध्ये तीन वर्षं नुसतं शिकवणं आहे. दुखापत होईल असं मारायला फकीहांनी तिथेही मनाई केली आहे. अलिफ-बे गिरवणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला अडखळल्याबद्दल फटका मारायला या हदीसचा आधार घेणं ही हदीसची चेष्टा आहे.

इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’त एक स्वतंत्र प्रकरण मुलांना धाकात शिकवण्यावरच लिहिलं. धाकात वाढलेलं मूल सुस्त होतं, खोटं बोलायला शिकतं, वेळ मारून नेतं, असं त्याचं निरीक्षण आहे. कोणत्याही मकतबमध्ये दहा मिनिटं बसा, ते दिसेल. वीस मुलं एका सुरात म्हणत असतात. कोपऱ्यातलं एक नुसतेच ओठ हलवतं, पण डोळे उस्तादांच्या हाताकडे. एकट्याला म्हणायला सांगा, तिसऱ्या आयतीवर थांबतं. त्याचं डोकं मंद नसतं. त्याचं सगळं लक्ष छडी चुकवण्यात खर्च झालेलं असतं.

मग गोडी लागते कशाने? सूरह फील घ्या. पाचच आयती आहेत. पण आधी अबरहाचं सैन्य, त्यातला हत्ती, खडे टाकणारी पाखरं ही गोष्ट घरच्या बोलीत रंगवून सांगा. मग मूल स्वतःच विचारतं, पुढची आयत कोणती? कौसर तर तीन आयतींचीच. ती पाठ झाल्यावर अब्बांसमोर, फूफीसमोर म्हणायला लावा. नवा सबक कमी, जुना आमोख्ता (मागच्या पाठाची उजळणी) रोज, ही मदरशांची जुनीच पद्धत आहे आणि ती बरोबर आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून पाहणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. म्हणून भाकऱ्या थापता थापता पोराचा सबक ऐकणारी आई मोठं काम करत असते. तिला अरबी येत नसेल तर मोबाइलवर शेख महमूद खलील अल-हुसरी यांची संथ तिलावत लावावी. संपूर्ण कुरआनचं पहिलं ध्वनिमुद्रण त्यांच्याच आवाजात झालं, १९६१ मध्ये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

मूल मराठी शाळेत जातं म्हणून त्याला देवनागरीतला पारा द्यायचा, हे टाळा. अरबीतल्या सीन, स्वाद आणि से या तिघांसाठी देवनागरीत एकच ‘स’ आहे. एकदा चुकीचं बसलेलं नंतर सुटत नाही. नूरानी कायदा (अरबी अक्षरं शिकवणारं पुस्तक) आणि ऐकणारा उस्ताद याला पर्याय नाही.

अर्थ मोठेपणी कळेल, आत्ता नुसतं पाठ करू दे, असंही म्हणतात. का बरं? कुरआनचे मराठी अनुवाद आहेत, आणि घरात सगळे मराठीच बोलतात.

मुलींना हिफ्ज कशाला, असं विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पहिले खलीफा अबू बकर यांच्या काळात एकत्र केलेली कुरआनची प्रत पुढे पैगंबरांच्या पत्नी हजरत हफ्सा यांच्याकडे होती.

प्रत्येक मुलाने हाफिज व्हायलाच हवं, हेही खरं नाही. संपूर्ण हिफ्ज फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी केलं तरी समाजाची जबाबदारी पूर्ण होते. त्यासाठी चौथीतल्या पोराची शाळा सोडवू नका.

मकतबला देशाचा कायदा लागू होत नाही, हे अर्धसत्य आहे. शिक्षण हक्क कायद्यातून मदरसे आणि वैदिक पाठशाळा २०१२ च्या दुरुस्तीने वगळल्या, हे खरं. पण बालन्याय कायदा २०१५ चं कलम ७५ मूल ताब्यात असलेल्या कोणालाही लागू होतं. मुलाशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि एकदा पाठ झालं म्हणजे कायमचं झालं, असं तर अजिबात नाही. तरावीहला उभा राहणारा हाफिजसुद्धा रमजानआधी पाऱ्यामागून पारे फिरवत असतो. लहान मुलाचं तर रोज निसटतं. म्हणून आठवड्यातला एक दिवस नवा सबक बंद ठेवून फक्त मागचं ऐका. अनेक मदरशांत त्यासाठी जुमेरात ठेवतात, कारण दुसऱ्या दिवशी जुम्म्याची सुट्टी असते आणि मूल ऐकवून मोकळं होतं.