यंत्र विचारतं, 'आज कोण कोण?'

पडद्यामागची यंत्रं : भाग ६

सोमवारी सकाळी साडेनऊला मानखुर्दमधल्या एका छोट्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये बाकावर बसायला जागा नसते. खाली रिसेप्शन, आत एक्स-रेची खोली, माळ्यावर सोनोग्राफी, एवढाच पसारा. महाराष्ट्र नगर, लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी कॉलनी, पलीकडे शिवाजीनगर, अशी चहूकडून माणसं येतात. बऱ्याच जणांच्या चिठ्ठीवर एकच ओळ असते : 'एक्स-रे चेस्ट पीए'. खोकला दोन आठवडे हटलेला नाही आणि डॉक्टरांना टीबीची शंका आहे.

तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात आपण फिल्म जाऊन पडद्यावरची प्रतिमा कशी आली आणि ती कुठे साठवली जाते ते पाहिलं. आज त्याच्या एक पायरी आधी थांबू. प्रतिमा निघायच्या आत तिच्यावर नाव कोण घालतं?

पूर्वी टेक्निशियन घालायचा. रिसेप्शनवर नाव लिहिलं जायचं, पावतीवर छापून यायचं, पावती घेऊन पेशंट आत जायचा आणि टेक्निशियन पुढच्या माणसाला 'शर्ट काढून उभे राहा' म्हणत म्हणत तेच नाव पुन्हा टाइप करायचा. इंग्रजीत. जाधव कोणी 'व्ही'वर संपवतं, कोणी 'ओ'वर. लक्ष्मी 'एक्स'ने लिहायची की 'के-एस'ने, हे त्या दिवशी खुर्चीत कोण बसलंय त्यावर. मोहम्मदची तर चार स्पेलिंगं आणि दोन संक्षेप. महिन्याभराने जुना एक्स-रे शोधायला गेलं की तो माणूस आपल्याकडे आलाच नव्हता, असं कॉम्प्युटर ठामपणे सांगायचा.

एका दुपारी एकाच नावाच्या, एकाच वयाच्या दोन बायका पाठोपाठ आल्या आणि त्यांच्या प्रतिमांची अदलाबदल झाली. एकीच्या जुन्या एक्स-रेत बरगडी मोडून जुळल्याची खूण होती. नव्यात ती नाही, हे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. दोघींना परत बोलावून पुन्हा एक्स-रे काढले.

आता योगायोग बघा. देशातल्या एक्स-रे यंत्रांना परवाने देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ इथून जवळच, अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात बसतं. स्थापना १५ नोव्हेंबर १९८३. खोलीची भिंत किती जाड, शिशाचा एप्रन आहे का, यंत्राची तपासणी वेळेवर झाली का, हे सगळं परवान्याच्या कागदांत येतं. टायपिंगचा रकाना त्यांत नाही, आणि तो असावा असंही मी म्हणणार नाही. पण त्या दोन बायकांनी घेतलेला दुसरा डोस टायपिंगमुळेच होता.

त्याच १९८३ मध्ये अमेरिकेत रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि विद्युत उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना एकत्र बसली. प्रत्येक कंपनीचं यंत्र आपलीच भाषा बोलत होतं, ती एक करायची होती. पहिलं मानक १९८५ चं. १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे नाव मिळालं. प्रतिमा कशी पाठवायची यावरच सगळा भर होता. यंत्राने पेशंटचं नाव कुठून आणायचं, याची सोय १९९६ मध्ये जोडली गेली. तिचं नाव वर्कलिस्ट, म्हणजे यंत्राला दिलेली कामाची यादी.

या यादीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. लोकांना वाटतं, सर्व्हर यंत्राकडे यादी 'पाठवतो'. तो काहीच पाठवत नाही. दुकानदार घरोघरी जात नाही, गिऱ्हाईकच दुकानात येतं, तसं यंत्र सर्व्हरकडे येऊन विचारतं : आज माझ्याकडे कोण कोण आहे? टेक्निशियनने 'रिफ्रेश' दाबलं की हा प्रश्न निघतो. आमच्याकडे तर एक्स-रेचं मूळ यंत्र इतकं जुनं आहे की ते काहीच विचारू शकत नाही. विचारतो तो शेजारचा सीआरचा कॉम्प्युटर, ज्यात कॅसेट सरकवली की प्रतिमा उमटते.

दोघांचं बोलणं असं चालतं. आधी ओळख. यंत्र स्वतःचं नाव सांगतं आणि ज्याला हाक मारली त्याचंही. या नावाला एई टायटल म्हणतात. त्याला कमाल सोळा अक्षरं, आणि मोठी-लहान इंग्रजी अक्षरं वेगळी मोजली जातात. मग यंत्र एक अर्धा रिकामा फॉर्म पुढे करतं. तारीख : आजची. प्रकार : सीआर. नाव, नंबर, कोणता भाग काढायचा हे रकाने कोरे. सर्व्हर आपल्याकडच्या नोंदी त्या फॉर्मशी ताडून पाहतो आणि जुळलेली प्रत्येक नोंद कोरे रकाने भरून परत करतो, एकेक करून. शेवटी 'संपलं' असं सांगतो. एवढंच. पेशंटच्या नावाची निवड केली की टेक्निशियनला एकही अक्षर टाइप करावं लागत नाही.

हे चालतं तेव्हा कोणाला काही दिसत नाही. बंद पडलं की माझा फोन वाजतो, आणि वाक्य ठरलेलं असतं : 'सर, लिस्ट येत नाही.'

पहिल्यांदा मी तासभर वायरी तपासत बसायचो. यंत्रावर 'इको' नावाचं बटण असतं. ते दाबलं की समोरचा सर्व्हर जागा आहे का, एवढं कळतं. इको हिरवा, तरी यादी रिकामी. का? आम्ही ऑर्थँक वापरतो. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या रुग्णालयात सेबास्टियन जोदोन यांनी सुरू केलेला आणि २०१२ पासून मोफत मिळणारा हा सर्व्हर. (नाव टोल्कीनच्या कादंबरीतल्या मनोऱ्याचं. त्या मनोऱ्यात दूरचं दाखवणारा स्फटिक असतो.) त्याच्या मूळ मांडणीत इकोला कोणालाही उत्तर द्यायची मुभा आहे, पण यादी फक्त ओळखीच्या यंत्रांना. दारावरचा वॉचमन 'नमस्कार' सगळ्यांना घालतो, आत सोडत नाही, तसं. सीआरचं एई टायटल सर्व्हरच्या वहीत लिहिलं आणि यादी आली. त्या दिवसापासून इकोवर माझा विश्वास उडाला.

दुसरं कारण जास्त फसवं. रिसेप्शनच्या सॉफ्टवेअरने नोंदीत प्रकार लिहिला 'डीएक्स', म्हणजे डिजिटल एक्स-रे. यंत्र मागतंय 'सीआर'. माणसाच्या दृष्टीने दोन्ही एक्स-रेच. सर्व्हरच्या दृष्टीने जुळणी शून्य. तो कसलीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या मते चूक झालेलीच नाही. रिकामी यादी हेही नियमाप्रमाणे दिलेलं उत्तर असतं. तिसरं कारण सापडायला मला दोन दिवस लागले : यंत्राच्या आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, वीज गेली की तारीख वीस वर्षं मागे जायची, आणि यंत्र इमानदारीने त्या दिवसाचे पेशंट मागायचं. आता फोनवर माझा पहिला प्रश्न असतो : 'मशीनवर आजची तारीख काय दिसते?'

ही यादी ठेवायला मोठा कॉम्प्युटर लागत नाही. आमचा सर्व्हर म्हणजे रिसेप्शनच्या टेबलाखालचा जुना डेस्कटॉप. ऑर्थँकच्या साध्या पद्धतीत यादी म्हणजे एक फोल्डर, आणि एका पेशंटची एक छोटी फाइल. रिसेप्शनवर पावती फाटली की आमचा छोटा प्रोग्रॅम मजकुराची फाइल लिहितो. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या ऑफिस या संस्थेची मोफत हत्यारं ती डायकॉममध्ये बदलतात आणि ती फोल्डरमध्ये पडते. फोल्डर साफ करणं आपलं काम. सुरुवातीला मी ते केलंच नाही. सोनोग्राफीचं यंत्र तारीख न घालता 'सगळे द्या' म्हणत होतं, आणि महिन्याभरात डॉक्टरांच्या पडद्यावर अकराशे नावं उतरली. आता मध्यरात्री जुन्या फाइली आपोआप दुसरीकडे जातात. आणखी एक बारकावा : फाइल लिहून पूर्ण होईपर्यंत तिला वेगळ्या नावाने ठेवायचं आणि मग नाव बदलायचं. नाहीतर नेमकं त्याच क्षणी यंत्र विचारतं आणि अर्धवट फाइल वाचायला जातं.

मोठ्या रुग्णालयांत काम झाल्यावर यंत्र उलट निरोपही देतं, 'याचं झालं', आणि नाव यादीतून निघतं. लहान यंत्रांत ही सोय बहुधा नसते, किंवा तिचे वेगळे पैसे असतात. आमच्याकडे ते काम रिसेप्शनवरची मुलगी करते.

नावांचं काय झालं? टाइप एकदाच होतं, म्हणून स्पेलिंगचा गोंधळ निम्मा कमी झाला. उरलेला निम्मा डायकॉमच्या आणि आपल्या नावांच्या घडणीतला आहे. डायकॉमला आधी आडनाव हवं, मग नाव, मग मधलं, आणि प्रत्येकाच्या मध्ये टोपीसारखं एक चिन्ह. आपण सांगतो नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. घाईत सगळंच पहिल्या रकान्यात कोंबलं की आडनावाने शोधताना काही सापडत नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना आडनावच नाही, त्यांचं काय करायचं? मराठीत नाव घालायचा प्रयोगही मी केला. जपानी, कोरियन, अरबी, थाई अशा लिप्यांसाठी डायकॉममध्ये जुने स्वतंत्र तक्ते आहेत, देवनागरीसाठी नाही. आपल्याला युनिकोडच्या वाटेनेच जावं लागतं. सर्व्हरने ते आनंदाने स्वीकारलं. सीआरच्या पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग आली.

जन्मतारखेवर भिस्त ठेवावी तर तीही ठेवता येत नाही. यादी जन्मतारखेप्रमाणे लावून पाहा : १ जून, १ जून, १ जानेवारी, १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी घातलेली तारीख आधारकार्डावर गेली आणि तिथून आमच्या फोल्डरमध्ये. त्या दोन बायकांसारखी जोडी पुन्हा आली तर नाव, वय, जन्मतारीख तिन्ही जुळू शकतं. वेगळा असतो तो फक्त नंबर.

नंबर दोन प्रकारचे. एक माणसाचा, तो जन्मभर एकच असावा. दुसरा त्या तपासणीचा, ज्याला ॲक्सेशन नंबर म्हणतात, तो प्रत्येक वेळी नवा. हा दुसरा नंबर मी फार हौसेने बनवला. आधी इंग्रजीत 'मानखुर्द', ती आठ अक्षरं. मग आडवी रेघ, मग आठ आकडी तारीख, पुन्हा रेघ, मग दोन आकडी क्रमांक. दिसायला झकास, मोजायला वीस. डायकॉममध्ये या रकान्याला मर्यादा सोळाची. सर्व्हरने कुरकुर केली नाही. सीआरने सोळानंतरचं मुकाट्याने छाटलं. छाटल्यावर उरलं काय? गावाचं नाव, वर्ष, महिना आणि तारखेचा फक्त पहिला आकडा. म्हणजे १० जूनपासून १९ जूनपर्यंत आलेल्या सगळ्या माणसांच्या तपासणीचा नंबर एकच! बाराव्या तारखेला हे ध्यानात आलं. तोवरचे सगळे एक्स-रे दोन रात्री बसून हाताने वेगळे केले. आता नंबर दहा अक्षरी आहे आणि गावाचा अभिमान मी पावतीच्या डोक्यावर छापतो.

एक गोष्ट मात्र आवाज चढवून सांगायला हवी. एई टायटल हा पासवर्ड नाही. ते नाव कोणीही उच्चारू शकतं, आणि अशा लहान सेंटरांत यादी वायरीवरून उघडीच जाते. घरबसल्या रिपोर्ट बघता यावेत म्हणून राउटरमधून सर्व्हरचं दार इंटरनेटला उघडून द्यायचं, हा आपल्याकडचा आवडता जुगाड आहे. जर्मनीच्या ग्रीनबोन कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा उघड्या दारांची मोजदाद केली, तेव्हा ५२ देशांत ५९० सर्व्हर कुलूप न लावलेले सापडले. पुढच्या वर्षी तिच्याच अहवालाच्या बातम्या आल्या, त्यांत भारतातल्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यांत मोठा होता. यादीत नाव, वय आणि 'कशासाठी आला' हे तिन्ही असतं. टीबीची शंका असलेल्या माणसाची भाड्याची खोली जायला तेवढी माहिती पुरते. आमच्या सर्व्हरला इंटरनेटचं तोंडच दाखवलेलं नाही.

राहता राहिला पाऊस. जुलैत दिवसातून तीनदा वीज जाते. यूपीएस वीस मिनिटं ओढतो, त्यानंतर सर्व्हर झोपतो. हार्बर लोकल बंद असेल तर मीही पोचत नाही. म्हणून एक्स-रेच्या खोलीत भिंतीवर एक वही टांगलेली आहे. यादी आली नाही तर टेक्निशियनने जुन्या पद्धतीने नाव टाइप करायचं, पावतीवरचा नंबर घालायचा आणि वहीत ओळ लिहायची. रस्त्यावरून थेट उचलून आणलेला, नावही सांगू न शकणारा माणूसही याच वहीतून जातो. संध्याकाळी ती वही आणि कॉम्प्युटर आम्ही जुळवून घेतो. गेल्या पावसाळ्यात वहीची सतरा पानं भरली.

पुढच्या भागात सोनोग्राफीची खोली. तोवर एक काम करा : एक्स-रे काढून घ्याल तेव्हा काउंटरवरून हलण्याआधी फिल्मच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षरातलं नाव आणि नंबर वाचा, पावतीशी ताडून पाहा, आणि फरक दिसला तर तिथेच सांगा.