बिंदुसरेची हद्द

दुष्काळी जिल्ह्यात पुराची चर्चा करणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. बीड म्हटले की टँकर, चारा छावण्या आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते खोटेही नाही. तथापि याच बीड शहरात २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला अकस्मात पूर आला. नदीकाठच्या वस्त्यांत माणसे दगावली, संसार वाहून गेले. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनेही मराठवाड्याला हाच धडा दिला. आपल्याकडे वर्षाचा पाऊस थोडा. परंतु जो पडतो तो मोजक्या दिवसांत पडतो. त्यामुळे नदी दहा महिने कोरडी दिसते आणि एखाद्या रात्री आपली सारी जागा परत मागते.

बिंदुसरा ही बालाघाटाच्या डोंगरातून निघून शहरातून वाहत पुढे सिंदफणेला मिळणारी आखूड नदी. अशा नदीचे पाणी तासा-दोन तासांत चढते. पालीजवळ तिच्यावर धरण आहे, म्हणून शहर सुरक्षित झाले अशी एक समजूत आहे. वास्तविक भरलेले धरण पूर अडवीत नाही. वरून आलेले पाणी ते खाली सोडते.

नदीकाठी कोठवर बांधावे याचा नियम महाराष्ट्रात नाही असे नव्हे. पाटबंधारे खात्याने १९८९ च्याच सप्टेंबरात काढलेल्या परिपत्रकाने दोन रेषा ठरविल्या. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध. तेथे बाग, खुला भाजीबाजार, स्मशानभूमी असे उपयोग चालतात, नवी घरे नाहीत. निळ्या आणि लाल रेषांमधील पट्ट्यात बांधकाम करावयाचे तर ते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच असावे लागते. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनेही हीच चौकट कायम ठेवली आहे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र मोठा घोटाळा करून ठेवला आहे. १९८९ ला येऊन गेला, आता पुढची पंचवीस वर्षे चिंता नाही, असा त्याचा अर्थ सामान्य माणूस लावतो. खरा अर्थ असा की, दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शेकडा चार आहे, मग मागचा पूर काल येऊन गेलेला का असेना. घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्या कारकुनाने हा हिशेब करून पाहावा. त्या वीस वर्षांत निदान एकदा तरी निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता शेकडा छप्पन्न भरते. म्हणजे कर्ज फिटण्याआधी पाणी घरात शिरण्याचा संभव ते न शिरण्याच्या संभवाहून अधिक! शंभर वर्षांच्या पुराची गोष्टही तशीच. त्याच मुदतीत तो येण्याची शक्यता शेकडा अठरा आहे.

असे असताना या जमिनी विकल्या कशा जातात? बाजाराच्या दृष्टीने याचे उत्तर सरळ आहे. काठची जमीन स्वस्त असते, कारण जाणत्यांना धोका ठाऊक असतो. तिच्यावर मुरूम टाकला, चुन्याच्या रेघा ओढल्या की गुंठ्यांत तिचे मोल वाढते. विक्री होते ती कोरड्या दिवसांत. कारखान्यांचा पट्टा पडून ऊसतोड कुटुंबे गावी परततात, गाठीशी थोडा पैसा असतो, आणि समोरची नदी वाळवंटासारखी पडलेली असते. विकणाऱ्याजवळ माहिती आणि घेणाऱ्याजवळ केवळ गरज, असा हा व्यवहार आहे. नफा आधी एकाने घ्यावयाचा, नुकसान पुढे दुसऱ्याने सोसावयाचे आणि मदतीचा बोजा सरकारी तिजोरीवर, म्हणजे सर्वांवर टाकावयाचा.

त्यात गुंठेवारी नियमित करण्याच्या कायद्याने आणखी एक आशा पेरली आहे. हा कायदा २००१ चा. त्याची मुदतरेषा आरंभी १ जानेवारी २००१ होती, ती २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणण्यात आली. गरिबांच्या डोक्यावरील छत वाचविण्याचा हेतू स्तुत्य आहे, हे नाकारता येणार नाही. पण एकदा पुढे सरकलेली तारीख पुन्हा सरकेल, अशी अटकळ बाजार बांधतो. पूररेषेतील बांधकामे या कायद्याने सरसकट नियमित होतात असे नाही. परंतु गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? सरकारने आपले नियम स्वतःच मोडीत काढण्याची उदाहरणे आहेतच. नद्यांकाठी कोणते उद्योग किती अंतरावर असावेत हे ठरविणारे, २००० साली आलेले आणि २००९ मध्ये सुधारलेले नदी नियमन क्षेत्र धोरण फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले.

काठच्या शेतकऱ्याचा आक्षेपही ऐकला पाहिजे. शहराच्या रक्षणासाठी माझ्याच दोन एकरांवर बंदी का, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. निळी रेषा त्याचे पीक काढून घेत नाही. ती काढून घेते ती भावी किमतीची आशा, आणि ती आशा मुख्यतः इतरांच्या करांतून झालेल्या रस्त्यांनी व नळांनी निर्माण केलेली असते. म्हणून त्याला पूर्ण बाजारभावाने भरपाई द्यावी असे आम्हांस वाटत नाही. काही मोबदला मात्र द्यावा. हस्तांतरणीय विकास हक्काचा उपाय पुण्या-मुंबईत चालतो. ज्या गावी उंच इमारतींना फारशी मागणीच नाही तेथे तो कागद कोण विकत घेणार? त्यापेक्षा नगर परिषदेने तो पट्टा बागेसाठी दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेणे अधिक व्यवहार्य ठरेल. ज्यांची घरे आधीच काठावर उभी आहेत त्यांची गोष्ट निराळी. त्यांना पर्यायी घर मिळण्यापूर्वी तेथे बुलडोझर नेणे हा नियमपालनाचा नव्हे, निर्दयतेचा प्रकार होईल.

आणि रेषा नकाशात राहून उपयोग नाही. प्रत्यक्ष जमिनीवर दगडी खांब रोवून ती दाखविली पाहिजे, तसेच सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तिची नोंद झाली पाहिजे, म्हणजे खरेदीखतापूर्वीच घेणाऱ्याला ती दिसेल. हे नकाशे खात्याच्या कपाटात नव्हे, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर, जेथे माणसे साक्षीदारांसह तिष्ठत उभी असतात, तेथे लावावेत.

१९६६ च्या प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाने विकास योजनेत पूरनियंत्रणाचे प्रस्ताव असण्याची तरतूद केलेली आहे, आणि प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. ते दिवस बहुधा आपला भूखंड आरक्षणातून सोडवू पाहणाऱ्यांच्याच अर्जांनी भरून जातात. नदीच्या बाजूने अर्ज करणारा विरळा. तो करावयाचा तर हाती पुरावा हवा. १९८९ चा पूर जाणत्या वयात पाहिलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. पाणी कोणत्या गल्लीत, कोणत्या भिंतीच्या कितव्या थरापर्यंत चढले होते ते त्यांना बोट ठेवून दाखविता येते. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी मोजपट्टी आणि वही घेऊन येत्या सुटीत एवढ्या खुणा उतरवून घेतल्या, तर त्या हरकतींना जोडता येतील.