शरीराची स्मरणशक्ती

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी अंदाजे ६,००० जणांना काही महिन्यांतच या रोगाने गाठले. साथीच्या पाहणीसाठी गेलेले डेन्मार्कचे तरुण डॉक्टर पीटर लुडविग पानुम यांच्या एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. त्या बेटांवर यापूर्वीची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती. तेव्हा गोवर झालेल्या एकाही वृद्धाला तो पुन्हा झाला नाही. त्या वेळी बचावलेल्या वृद्धांना मात्र आता झाला. म्हणजे एकदा भेटलेल्या शत्रूची ओळख शरीराने तब्बल ६५ वर्षे जपली होती.

ही ओळख कशी निर्माण होते? त्वचा, श्वसनमार्गातील चिकट स्राव आणि जठरातील आम्ल ही संरक्षणाची पहिली फळी होय. ती भेदून जंतू आत शिरलेच, तर भक्षक पेशी त्यांना गिळंकृत करू लागतात. ही जन्मजात प्रतिकारशक्ती त्वरेने कामाला लागते. परंतु प्रत्येक रोगजंतूची स्वतंत्र ओळख ती ठेवत नाही.

ते कार्य लसीका पेशींचे. या श्वेतपेशींचे बी आणि टी असे दोन मुख्य प्रकार आहेत. शरीरात अशा असंख्य पेशी असतात आणि प्रत्येकीवरील ग्राहक निराळ्या घडणीचा असतो. जंतूचे अंश लसीका ग्रंथींत पोहोचले, की ज्या मोजक्या पेशींचे ग्राहक त्यांच्याशी जुळतात, त्यांचीच झपाट्याने वाढ होते. बी पेशींपासून तयार झालेल्या पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात; टी पेशींपैकी काही रोगग्रस्त पेशींचा नाश करतात, तर काही इतरांना साहाय्य करतात. या सिद्धतेस एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या आजारात रुग्ण बेजार होतो तो याच काळात.

रोग ओसरल्यावर यांतील बहुतेक पेशी नाश पावतात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून टिकून राहतात. तोच जंतू पुन्हा आल्यास त्यांच्यामुळे प्रतिकार अल्पावधीत आणि अधिक जोमाने होतो. लसीकरणाचे तत्त्व हेच आहे. निष्प्रभ केलेला जंतू किंवा त्याचा अंश दाखवून, आजाराची किंमत न मोजता ही स्मृती निर्माण केली जाते.

नवजात बालकाला आईकडून तयार प्रतिपिंडे मिळतात, परंतु ही उसनवारी काही महिन्यांतच संपते. ती शिल्लक असताना गोवराची लस नीट लागू पडत नाही. म्हणून भारतात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तरीही या वयात सुमारे १५ टक्के बालकांमध्ये पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. त्यासाठीच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा असते. पहिल्या मात्रेनंतर काम झाले असे समजणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

‘गोवर अंगावर निघून गेलेला बरा’ असा समज अद्यापही आढळतो. गोवराने गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती येते हे खरे. पण तिची किंमत जबर असते. न्यूमोनिया किंवा मेंदूदाह होऊन बालक दगावूही शकते. शिवाय हा विषाणू स्मृतिपेशींवरच घाला घालतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, लस न घेतलेल्या मुलांनी गोवरानंतर इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गमावल्याचे आढळले. वर्षानुवर्षे जमविलेली पुंजी एका आजारात खर्ची पडते. लस अशी हानी करीत नाही.

घरातील बालकाच्या लसीकरण पत्रिकेत दुसऱ्या मात्रेची नोंद आहे ना, हे पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. त्या नोंदीमागे आयुष्यभर पुरणारे संरक्षण उभे असते.