पडद्याची उंची

हत्यार हाताला बेतलेले असावे, असा कारागिरांचा जुना दंडक आहे. विळ्याची मूठ आणि कुऱ्हाडीचा दांडा माणसाच्या हाताकडे पाहूनच घडविला जातो. लिहिण्या-वाचण्याच्या साधनांतही हाच विचार दिसून येतो. पेढीवरचे मुनीम गादीवर मांडी घालून बसत, तेव्हा त्यांच्यापुढे उतरत्या फळीचे बुटके डेस्क असे. त्यामुळे चोपडीवर फारसे ओणवे न होता त्यांना दिवसभर हिशेब लिहिता येई. ग्रंथ वाचणाऱ्याच्या पुढे घडीचे लाकडी व्यासपीठ मांडीत. एकमेकींत गुंतविलेल्या त्याच्या दोन फळ्या उघडल्या, की ग्रंथ जमिनीपासून वर उचलला जाई आणि वाचणाऱ्याच्या नजरेकडे कलून राही. त्या फळ्यांवर पुष्कळदा वेलबुट्टीही कोरलेली असे. वाचणाऱ्याची सोय आणि पाहणाऱ्याचा आनंद ही दोन्ही कामे एकच वस्तू करीत असे.

आजच्या लिहिण्या-वाचण्याचे एक मोठे साधन म्हणजे टेबलावरचा संगणक. पण त्याच्या बाबतीत हा जुना दंडक आपण बहुधा विसरतो. पडदा खोक्यातून निघतो, तसाच टेबलावर ठेवला जातो. त्याच्यापुढे उंच पुरुष बसो, की बारा वर्षांची मुलगी बसो, पडदा जागचा हलत नाही. मग हलावे लागते ते बसणाऱ्याच्या मानेला.

हे मानेचे हलणे दिसते तितके साधे नाही. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलोग्रॅम असते. मान ताठ असली, म्हणजे हा भार पाठीच्या कण्यावर सरळ उतरतो. पाणी आणणारी बाई भरलेली घागर डोक्यावर घेऊन दूरवर चालत जाते; परंतु तीच घागर हात पुढे लांब करून धरावयास सांगितली, तर ती क्षणभरही धरता येणार नाही. घागरीचे वजन वाढले नाही. ते अंगाच्या रेषेपासून दूर गेले, एवढेच. डोक्याचेही तसेच आहे. पडदा फार खाली असला, की डोके पुढे झुकते आणि त्याचा तोल सावरण्यासाठी मानेच्या व पाठीच्या स्नायूंना सारखे ताणून राहावे लागते. अर्ध्या घटकेत काही बिघडत नाही. परंतु रोज तासन्‌तास असे बसले, तर मान आखडते, खांदे दुखतात आणि वाकून बसण्याची खोड जडते.

मग पडदा जितका उंच, तितका चांगला, असे समजावे काय? तसेही नाही. मनुष्य स्वस्थ बसला असता त्याची नजर स्वभावतः किंचित खाली वळलेली असते. पडदा फार वर असला, तर मान मागे जाते आणि पापण्या अधिक उघडाव्या लागतात. डोळ्यांचा अधिक भाग उघडा राहिल्याने त्यांतील ओलावा लवकर सुकतो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप आधीच मंदावलेली असते. अशा वेळी डोळे चुरचुरू लागले, तर नवल नाही. म्हणून मधला मार्गच हिताचा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा तिच्या जराशी खाली असावी. पडद्याच्या मध्याकडे पाहताना नजर सुमारे 15 ते 20 अंश खाली उतरावी. पडदा डोळ्यांपासून हातभर, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटर दूर असावा.

ही उंची ठरविण्यासाठी एक मोजपट्टी पुरते. मात्र मोजण्याचा क्रम चुकता कामा नये. प्रथम खुर्ची अशी करावी, की कोपरे टेबलाच्या पातळीत येतील. मुलाचे पाय त्यामुळे अधांतरी लोंबू लागले, तर पायांखाली एक पाट द्यावा. नंतर पाठ ताठ ठेवून समोर पाहावे आणि दुसऱ्या कोणाकडून टेबलापासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजून घ्यावी. समजा, एका घरात ती वडिलांची 50, आईची 47 आणि मुलाची 45 सेंटिमीटर भरली. आणि पडद्याची वरची कड टेबलापासून 42 सेंटिमीटरांवर आहे. तर वडिलांसाठी पडदा 8, आईसाठी 5 आणि मुलासाठी 3 सेंटिमीटर वर हवा. आजीचा चष्मा दुहेरी भिंगांचा असेल, तर तिची गोष्ट आणखी निराळी. तिच्या चष्म्यात जवळचे पाहण्याचे भिंग खालच्या भागात असते. पडदा उंच केला, तर त्या भिंगातून पाहण्यासाठी तिला हनुवटी वर करावी लागेल. तिच्यासाठी पडदा होता तसा खाली असलेलाच बरा.

तात्पर्य, सर्वांना मानवेल अशी एकच उंची नसते. पडदा उंच करणे पुरेसे नाही. तो ज्याच्या त्याच्यासाठी सहज वर-खाली करता आला पाहिजे.

यावर लोक जो उपाय करतात, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. जुने जाडजूड ग्रंथ एकावर एक रचून त्यांवर पडदा ठेवायचा, किंवा दोन विटा खाली सारायच्या. उंची त्याने मिळते. परंतु ग्रंथांची चळत डगमगते, विटांनी टेबलावर चरे पडतात, आणि ज्या टेबलाशी बसून रोज काम करायचे ते अडगळीसारखे दिसू लागते. घरातील नेटक्या माणसाला ते खटकते आणि एके दिवशी तो ती चळत उचलून टाकतो. पडदा पुन्हा खाली येतो, मानही पुन्हा वाकते. जी सोय डोळ्यांना बोचते, ती घरात फार दिवस टिकत नाही. म्हणूनच अशा साध्या गोष्टीतही सौंदर्याचा विचार करावा लागतो.

जड वस्तू बोटाने हलवावी आणि सोडली तेथे ती थांबावी, ही किमया तोलाच्या ज्ञानाने साधते. कोकणात विहिरीचे पाणी काढण्यासाठी लाट वापरीत. आडव्या लांब वाशाच्या एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला असे. दगडाच्या वजनाने पोहऱ्याचे वजन तोलले जाई आणि भरलेला पोहरा थोड्या श्रमात वर येई. वजनाचे हे काम स्प्रिंगकडून करवून घेण्याची युक्ती इंग्लंडमधील जॉर्ज कारवर्डाईन या अभियंत्याला सापडली. तो मोटारगाड्यांच्या स्प्रिंगांच्या रचनेचे काम करीत असे. त्याने स्प्रिंगांनी तोललेल्या दांड्यांची अशी जुळणी केली, की दांडा कोठेही नेला तरी त्याचा भार आणि स्प्रिंगची ओढ यांचा मेळ राहावा. आपला हातही स्नायूंच्या अशाच ओढीने हवा तेथे स्थिर राहतो. 1932 मध्ये कारवर्डाईनने या रचनेचे एकस्व मिळविण्यासाठी अर्ज केला आणि तीतून ‘अँगलपॉईज’ नावाचा टेबलदिवा जन्मास आला. त्याचे स्प्रिंग कोठे लपविलेले नाहीत. त्याचे काम उघड दिसते, आणि त्या उघडेपणातच त्याची शोभा आहे.

हीच कल्पना पुढे संगणकाच्या पडद्याला लाभली. 2002 च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘अ‍ॅपल’ कंपनीने आपला नवा ‘आयमॅक’ लोकांपुढे मांडला. पांढऱ्या अर्धगोलासारखे त्याचे बूड होते. संगणकाची सारी यंत्रणा त्या बुडात सामावलेली असल्याने ते चांगले जड होते आणि पडदा पुढे ओढला तरी कलंडत नसे. त्यातून एक चकचकीत पोलादी दांडा वर आलेला होता आणि त्याच्या टोकाला 15 इंची पातळ पडदा होता. दांड्याच्या पोटात स्प्रिंग होते. म्हणून नुसत्या बोटाच्या स्पर्शाने पडदा वर, खाली किंवा बाजूला वळे आणि सोडला तेथे थांबे. सूर्यफुलाच्या देठावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. आणि ते यंत्र पाहणाऱ्याला फुलाची आठवण झाल्यावाचून राहत नसे. देखणेपणा आणि उपयुक्तता यांची अशी सांगड क्वचितच पडते.

परंतु ही सांगड टिकली नाही. 2004 मध्ये त्याच्या जागी जो नवा नमुना आला, त्यात सारी यंत्रणा पडद्याच्या पाठीमागे बसविलेली होती. तो दिसायला सुबक होता. पडदा पुढे-मागे कलतही असे. मात्र त्याची उंची बदलता येत नव्हती. पुढे 2019 मध्ये त्याच कंपनीने एक महागडा पडदा विकावयास काढला. त्याला उंची बदलण्याची उत्तम बैठक होती. पण ती वेगळी घ्यावी लागे, आणि नुसत्या त्या बैठकीची किंमत 999 डॉलर होती. रूप टिकविताना सोय हरवू शकते आणि सोय मिळविताना थैली रिकामी होऊ शकते, हे या दोन उदाहरणांवरून कळून येते.

आता बऱ्याच पडद्यांच्या पाठीवर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार भोके असतात. त्यांमधील अंतर सहसा 75 किंवा 100 मिलिमीटर असते. हे माप ठरलेले असल्यामुळे एका कारखान्याचा पडदा दुसऱ्या कारखान्याच्या दांड्याला बसतो. असा दांडा टेबलाच्या कडेला आवळला, की पडदा हवेत तरंगल्यासारखा दिसतो आणि खालची जागा मोकळी राहते. मात्र दांडा पडद्याच्या वजनाला साजेसा हवा. नाहीतर पडदा आपोआप खाली येतो किंवा वर उसळतो. तो बसविण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

ज्यांना दांडा घेणे शक्य नाही, त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या घरासाठी लाकडाचे दोन पाट पुरतात. एक 3 सेंटिमीटर उंचीचा आणि दुसरा 5 सेंटिमीटर उंचीचा. मुलासाठी पहिला घ्यावा, आईसाठी दुसरा, वडिलांसाठी दोन्ही एकावर एक ठेवावे, आणि आजी बसली, की दोन्ही काढून घ्यावे. दोन फळ्यांत चार उंची मिळतात! खालच्या पाटाच्या कोपऱ्यांत आखूड खुंट्या आणि वरच्या पाटाला तळाकडून तशीच भोके ठेवली, म्हणजे वरचा पाट सरकत नाही. पडद्याची बैठक पूर्णपणे फळीवर मावली पाहिजे. पडदा हलविताना संगणक बंद असावा, तारा ताणल्या जाऊ नयेत आणि दोघांनी मिळून तो उचलावा. जुन्या सागवानी फळीला रंधा मारून, कडा गोल करून, तिच्यावर पॉलिशचा हात फिरविला, की लाकडाच्या रेषा उजळतात. मग तो पाट टेबलावरचा अलंकारच वाटतो आणि कोणी तो उचलून टाकू म्हणत नाही.

पोलादी दांडा असो की सागवानी पाट असो, त्याची परीक्षा एकच आहे. कामात गढून गेलेल्या माणसाकडे बाजूने पाहावे. त्याची पाठ ताठ असेल, खांदे सैल असतील आणि नजर सहज खाली उतरलेली असेल, तर पडद्याची उंची बरोबर आहे. साधनासाठी माणूस वाकलेला नाही, माणसासाठी साधन उचलले गेले आहे, हे त्या बसण्यावरून उमगते. आणि अशा बसण्याइतके शोभिवंत त्या टेबलापाशी दुसरे काहीही नसते.